हिरव्या लोकरीची गाठ

ऑडनार्डे
रविवार, १४ जानेवारी

प्रिय द्रीस,

आज सकाळपासून एक जुना आवाज कानात घोळतो आहे. तू सोळा-सतरा वर्षांचा असताना मागच्या धुण्याच्या खोलीत रोलरवर सायकल चढवायचास. तीन लोखंडी नळकांडी एकदम फिरायला लागायची आणि घरभर घूं असा सूर भरायचा, मोठा भुंगा भिंतीत अडकून पडल्यासारखा. कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. मी पुढच्या खोलीत शाळेच्या वह्या तपासत बसलेला असायचो. सूर जरा खाली आला की तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "झोपलास का रे?" आणि सूर पुन्हा वर जायचा. खरं सांगू, त्या आवाजात मला शुद्धलेखनाच्या चुका नीट दिसायच्या. तो थांबला की माझं लक्ष उडायचं.

खुशालीचं म्हणशील तर आम्ही दोघं बरे आहोत. पाऊस चालूच आहे. नदी काठ सोडून कुरणात शिरली आहे, आणि बीट वाहणाऱ्या गाड्यांनी रस्त्यावर इतका चिखल आणून टाकलाय की पोस्टमन सायकल हातात धरून चालतो. तुझी आई बरी आहे. कंबर धरते, पण बरी आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो, आणि तेवढ्यात आपलं बोलणं संपतं. कागदावर मी जरा लांबवर जाऊ शकतो.

योरीन इथेच आहे, हे तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आपण कबरींवर शेवंती ठेवायला जातो त्या दिवशी ती पाठीवर पिशवी घेऊन मागच्या दारात उभी राहिली. "आजोबा, गुडघा दुखतो म्हटलं तर बाबा म्हणतात, सगळ्यांचाच दुखतो. मी आता तिकडे जाणार नाही." मी तुझी बाजू घेतली नाही आणि तिचीही नाही. तिच्या आईचं अँटवर्पमध्ये आता वेगळं घर आहे, वेगळी माणसं आहेत, तिथे तिला जायचं नव्हतं. मी सूप वाढलं. तुझ्या लेकीला शर्यतीची सायकल तू शिकवलीस, आणि चांगली शिकवलीस, हे मला माहीत आहे. तुझं ऐकूनच ती एवढी पुढे आली. तुझं ऐकूनच तिचा गुडघा गेला, असं ती म्हणते. या दोन वाक्यांच्या मध्ये मी राहतो आहे.

आता घरातली नवी गोष्ट. गावच्या क्लबनं आपली व्यायामाची सायकल आम्हाला वापरायला दिली आहे, त्या धुण्याच्या खोलीतच ठेवली आहे. एका जागी रोवलेली, पुढे जड चाक. तिला आवाजच नाही. मांजर दूध पितं तेवढा येतो. एक सायकल आणि चालवणाऱ्या दोघी: योरीन आणि तुझी आई. आईला डॉक्टरांनी सांगितलंय, रोज थोडा वेळ पाय फिरवत राहा. कमरेसाठी.

एक बगळ्यासारखी, दुसरी चिमणीसारखी. सकाळी न्याहारीआधी योरीन, अकराच्या कॉफीनंतर आई, संध्याकाळी पुन्हा योरीन. प्रत्येक वेळी सीट वर किंवा खाली, सीट पुढे किंवा मागे, हँडल उंच किंवा ठेंगणं, हँडल जवळ किंवा लांब. योरीनचे बूट पेडलात खटकन बसतात, आईच्या चपलांना पट्टे लावावे लागतात. हे सगळं माझ्याकडे. आयुष्यभर पोरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं, आता हे करतो.

व्हेर्ले नावाची बाई योरीनच्या गुडघ्यावर उपचार करते. ती घरी आली, योरीनला सायकलवर बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीवरून गवंड्यासारखा ओळंबा सोडला. तासभर सीट वरखाली करून शेवटी म्हणाली, "मास्तर, ही जागा. इथून एक बोटही खाली नको. सीट खाली गेली की सगळा भार वाटीवर येतो." मी पेनानं रेघ मारली, ती घामानं पुसली. चिकटपट्टी लावली, ती सरकली. मग आईच्या टोपलीतली लोकर घेतली आणि सीटच्या दांड्यावर दोन खुणा बांधल्या, हिरवी योरीनची, पिवळी आईची. माझ्या गाठी कशा असतात तुला माहीतच आहे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी योरीनची चाचणी आहे. ज्या संघानं तिला बोलावलंय ते फक्त एवढंच बघणार आहेत की गुडघा टिकतो की नाही. टिकला तर वर्षभर शर्यती. नाही टिकला तर यंदा कोणी घेणार नाही, आणि पुढल्या वर्षी तिचं नावही कोणाला आठवणार नाही. ती हे बोलत नाही, पण पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावत नाही. मी बघतोय का ते बघते.

तुझी आई तुझी आठवण काढते.

तुझे बाबा


ऑडनार्डे
शुक्रवार, २ फेब्रुवारी

प्रिय द्रीस,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो, तरी पोस्टमन दिसला की मी दाराशी जातो, आणि तोही आता लांबूनच मान हलवतो.

आज मेणबत्त्यांचा सण, म्हणून पॅनकेक केले. दरवर्षी तुझी आई पीठ भिजवते आणि मी उलटतो. यंदा दोन्ही मीच केलं. ती जवळ उभी राहून माझ्या चुका काढत होती. "मास्तर, वर उडवा की, तो काय तुमच्या अंगावर येतोय?" उडवला तर शेगडीवर पडला. योरीन खूप दिवसांनी हसली. मग उठताना तिनं टेबलाची कड धरली, आणि हसणं तिथेच संपलं.

गुडघा पुन्हा धरतोय. आठवडा झाला. व्हेर्लेला समजत नाही, महिनाभर सुधारत होता आणि आता एकदम का. तिनं दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, विचारलं, "सीट तीच आहे ना?" योरीन म्हणाली, "आजोबा लावतात. खुणेवर." माझ्याकडे दोघींनी इतक्या विश्वासानं पाहिलं की मला माझ्याच घरात अवघडल्यासारखं झालं.

त्या दोघी खोलीतून गेल्यावर मी मोजून पाहिलं. हिरवी खूण खाली सरकली होती. लोकर सैल झाली असणार. मी ती काढली, व्हेर्लेच्या मापाप्रमाणे नवी बांधली. आता रोज मोजतो. एवढंच.

आईचं पाय फिरवणं नियमित चालू आहे. सायकलवर बसली की तिला कविता आठवतात. तिसरीच्या वाचनमाळेतली पवनचक्कीची कविता आठवते का तुला? तू वर्गात माझ्यासमोर उभा राहून म्हणायचास आणि 'थांब रे वाऱ्या, अजून पोतं उरलंय' या ओळीनंतर अडायचास. दर वेळी त्याच जागी. मी मास्तर म्हणून तुला पुढची ओळ सांगू शकत नव्हतो, सगळी पोरं बघत असायची. घरी आलास की आई सांगायची. तीच कविता ती आता पेडलाच्या तालावर म्हणते, अथपासून. शाळा सोडल्यावर माझ्याच तोंडून ऐकून तिला पाठ झालेली, आणि म्हणते माझ्यापेक्षा चांगली.

योरीनला वाटतं तू तिच्यावर रागावला आहेस. तुला वाटत असेल ती तुझ्यावर. मी मध्ये बसून दोघांचा राग ऐकतो. मला तो रागासारखा ऐकू येत नाही. पण मी कवितांच्या नादी लागलेला म्हातारा, माझ्या कानांचं काय खरं.

जमलं तर ये. निमित्त काढून ये. काहीही निमित्त चालेल. चाचणीच्या आधी ये.

तुझे बाबा


ऑडनार्डे
रविवार, २५ फेब्रुवारी

द्रीस,

काल दुपारपासून तुला फोन लावतो आहे. उचलत नाहीस. योरीन तुझ्याकडे पोचली का, एवढंच कळलं तरी पुरे होतं. म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, पण गप्प बसवत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की लोकर सैल झाली. ते खरं नव्हतं. खूण सैल नव्हती. इतकी घट्ट होती की मला कात्री आणावी लागली.

कालचं आधी सांगतो. शनिवार म्हणून मी पाव आणायला गेलो होतो. बेकरीत रांग होती, सगळे त्या दिवशीच्या शर्यतीबद्दल बोलत होते, मीही थांबलो. निघण्यापूर्वी सीट मोजून ठेवली होती. घरी आलो तर योरीन धुण्याच्या खोलीत जमिनीवर बसलेली. गुडघा उशीसारखा सुजलेला. हातात व्हेर्लेची मोजपट्टी. चाचणीआधीचा सगळ्यात कठीण सराव तिनं तेवढ्यात उरकला होता.

"आजोबा, ही खूण कोणी हलवली?"

मी पाव टेबलावर ठेवले.

"दोन बोटं खाली आहे. दोन बोटं. मला वाटलं पाय जड झालेत, म्हणून आणखी जोर लावत राहिले."

तुझी आई मोरीपाशी बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. द्रीस, वर्गात उत्तर विसरलेलं मूल जसं बघतं, मास्तरांनी आपल्याला विचारू नये म्हणून, तसं. एवढी वर्षं मी तशा मुलांना वगळून पुढच्याला विचारत आलो.

"मी हलवली," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"हो."

"का?"

कविता सोडून आयत्या वेळी मला काही सुचत नाही.

"बाबांनी सांगितलं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "त्यांना पत्रं लिहिता तुम्ही, मला माहितीये. तरीच. त्यांचीच ही पद्धत. खाली बसा आणि जोर लावा, दुखलं तर आणखी जोर लावा."

"तसं नाही गं."

"मग कसं? सांगा ना."

तिनं माझी पाव कापायची सुरी घेतली, दांड्यावरची हिरवी लोकर कापली आणि खिशात टाकली. "हे त्यांच्या टेबलावर ठेवते आणि विचारते, लेकीचा गुडघा गेला की तुम्हाला नक्की काय मिळणार आहे." मग पिशवी भरली. लंगडत बसथांब्याकडे गेली. मी मागे गेलो तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही येऊ नका. तुमच्यावर ओरडायची मला इच्छा नाहीये, आणि आत्ता ओरडेन."

मी परत आलो. तुझी आई खिडकीतून रस्त्याकडे पाहत होती.

"चांगली मुलगी आहे," ती म्हणाली. "कोणाची?"

आता तुला कळलं असेल. मी ते लिहायला इतकी पानं घेतली.

ऑक्टोबरात तपासणी झाली. कंबर नाही, डोकं. पाय फिरवत राहिलं तर डोकं जरा सावकाश मागे पडतं, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ती सायकल. पिवळी खूण त्यासाठी. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "सध्या ऋतू कोणता?" ती म्हणाली, "चिखलातल्या सायकल-शर्यतींचा." डॉक्टर आपल्या फ्लँडर्सचेच, त्यांनी ते बरोबर धरलं. बाहेर आल्यावर मी हसलो, तीही हसली, आणि गाडीत बसल्यावर तिनं माझी बाही धरली. "द्रीसला कळवायचं नाही. तो आला तर मला बघायला येऊ दे. माझ्या आजाराला बघायला नको." मी शब्द दिला. आता मोडतो आहे. ती शेजारच्या खोलीत आहे आणि मी मोडतो आहे.

योरीनलाही सांगितलं नव्हतं. आजी विसराळू झाली आहे, एवढंच तिला वाटतं. तिच्या डोक्यावर गुडघ्याचं ओझं आहे, त्यात हे कशाला, असं मी म्हणत राहिलो. शिवाय आजी तिच्यासमोर फार जपून वागते. नाव आठवलं नाही की 'राणी' म्हणते. सगळ्याच आज्या तसं म्हणतात.

जानेवारीच्या शेवटी मी ती खूण मोजली तेव्हा माप पाहून गोंधळलो होतो. गाठ पाहून मात्र समजलो. लोकर दोनदा गुंडाळलेली, मग एक फास, तो आवळलेला, आणि वरून छोटी अडकण. बोटानं ढकलली तरी जागची हलेना. तुझ्या आजोबांच्या दुकानात मांसाच्या गुंडाळ्या अशाच बांधलेल्या टांगलेल्या असायच्या. खाटकाची लेक ती. मला चाळीस वर्षांत ती गाठ जमली नाही. ती म्हणायची, "मास्तर, तुम्ही वह्या तपासा. बांधायचं काम माझं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी उठून पाहिलं. ती धुण्याच्या खोलीत होती, झग्यावर एप्रन घातलेला. सीटचा खटका सोडला, सीट खाली आणली, शेजारी उभी राहून हात दुमडला आणि कोपर सीटवर टेकवलं, कुंपणावर टेकतात तसं. मग खटका आवळला. तू शाळेत जाताना रोज सकाळी ती तुझी सायकल अशीच लावायची. आठवतंय? तुझ्या चुलतभावाची आणि तुझी सायकल एकच होती. रात्री तो चालवायचा, सकाळी ती तुझ्या मापाला आणायची. सीट आईच्या कोपराला लागली की द्रीसची. तेव्हाही ती लोकरच बांधायची.

माझी चाहूल लागली तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू, मास्तर. पोरगं झोपलंय. उठायच्या आत सीट लावून ठेवते."

"ही द्रीसची सायकल नाही," मी म्हणालो.

"मग कोणाची?"

मला तिचं नाव घेता आलं नाही. घेतलं असतं तर तिला दुसरा प्रश्न पडला असता, आणि त्याचं उत्तर ऐकताना तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

आणखी एक. ती आता ठेंगणी झाली आहे. कोपरही तिच्याबरोबर खाली आलंय. म्हणजे ती लावते ते माप तुझंही राहिलेलं नाही. तू सतरा वर्षांचा होतास त्याहूनही बुटका असा एक मुलगा तिच्या कोपरापाशी उभा आहे, आणि योरीनचा गुडघा त्या मुलाच्या सायकलवर झिजतो आहे.

त्यानंतर मी रोज पहाटे तिच्या मागून जाऊन गाठ कापायचो आणि माझी बांधायचो. लोकरीची टोपली माडीवर नेऊन ठेवली, तिनं स्वेटर उसवून हिरवा धागा काढला. धुण्याच्या खोलीला कुलूप घालून पाहिलं, तर ती दारापाशी उभी राहून इतकी रडली की मी स्वतः उघडून दिलं. व्हेर्लेला सांगायला हवं होतं, सायकलच क्लबला परत करायला हवी होती, हे मला आता सुचतं. तेव्हा वाटलं, सांभाळेन. एक मास्तर एका दांड्यावरची खूण सांभाळू शकणार नाही का? काल बेकरीत थांबलो तेवढ्यात सगळं हातातून गेलं.

म्हणून ऐक. योरीन तुझ्यासमोर येईल, कदाचित आली असेल, ती जे बोलेल त्यात तुझी काही चूक नाही. सीटशी तुझा काही संबंध नाही हे तिला मी सांगेन, लेखी देईन, पण तिनं आधी माझ्याशी बोलायला हवं. तिनं खिशातून ती हिरवी लोकर काढली तर तिच्यावर ओरडू नकोस. हातात घेऊन बघ. तुला मापाची गरज नाही. गाठ बघ. तुझ्या सायकलच्या दांड्यावरची तशीच गाठ तू नखानं सोडवायचा प्रयत्न करायचास आणि सुटायची नाही, म्हणून आईवर चिडायचास. ती गाठ जगात आता एकच माणूस बांधतं.

चाचणी येत्या शनिवारी आहे. आज सकाळी व्हेर्लेला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, सूज आठवड्यात उतरू शकते, उतरणार नाही असंही होऊ शकतं, आणि मुलीला माझ्याकडे पाठवा, कुठे आहे ती. ते मलाच माहीत नव्हतं.

आजही ती पहाटे उठली होती. मी कात्री उचलली नाही. कापून कोणासाठी बांधायची? ती कॉफी पिऊन सायकलवर बसायला गेली तेव्हा तिची पिवळी खूण मी लावून दिली. तिनं पाय फिरवले, कविता म्हटली. गेले काही दिवस ती 'थांब रे वाऱ्या, अजून पोतं उरलंय' या ओळीशी थांबते. मला आधी वाटलं, हीही गेली. तसं नाही. ती मागच्या दाराकडे बघते आणि वाट बघते. पुढची ओळ तुझी आहे. मी म्हटली तर रागावते. "तुम्ही नका सांगू. त्याला येते ती. येईल त्याला." मग उतरली आणि हातानं खूण करून मला सांगितलं, सीट पुन्हा कोपराला लाव. मी लावली, द्रीस. आज मीच लावली.

आत्ता ती सूप ढवळते आहे. मी पुढच्या खोलीत खिडकीशी बसलो आहे, जिथे वह्या तपासायचो तिथे. काचेवर पाऊस आहे. पत्र संपवून टपालपेटीत टाकायला जाणार होतो, रविवारी पेटी उघडत नाहीत हे माहीत असूनही.

पुढच्या दाराची घंटा वाजली.

आपल्याकडे पुढचं दार कोण वाजवतं? डॉक्टर, पाद्रीबुवा, आणि शेवटी शवपेटी उचलणारी माणसं. मला वाटलं योरीनचं काही झालं, कोणी सांगायला आलं. पडदा सारून पाहिलं.

पायरीवर तू उभा आहेस. भिजलेला, टोपी नाही. घंटा एकदाच वाजवलीस आणि आता नुसता उभा आहेस, मूठ मिटलेली, बोटांमधून हिरवा धागा बाहेर आलेला. मागे तुझी गाडी चालूच आहे. आत कोणी बसलंय का ते काचेवरच्या पाण्यामुळे दिसत नाही.

दार पावसानं फुगलंय, ते माझ्यानं उघडायचं नाही. तुझी आई पळी हातात घेऊन माझ्या खांद्यावरून डोकावते आहे. मी हे लिहितो आहे कारण समोर आलास की मी 'बरं' एवढंच म्हणेन, मला माहीत आहे.

ती म्हणते आहे, "हा पुढच्या दारानं का आलाय? पाहुणा आहे का? मागून ये म्हणावं. सीट लावून ठेवलीय."

ऐकलंस ना. मागून ये. कडी काढलेली आहे.

तुझे बाबा